एकतिसावा कप्पा

टेकडीवरच्या त्या ख्रिस्ती विद्यापीठात ईस्टरच्या सुट्टीआधीच्या शुक्रवारी गुप्त मित्रांची नावं उघड करतात. सत्राच्या सुरुवातीला प्रार्थना मंडळातला प्रत्येक जण टोपलीतून एक चिठ्ठी उचलतो. चिठ्ठीत ज्याचं नाव येईल त्याच्यासाठी प्रार्थना करायची, भिंतीवरच्या त्याच्या नावाच्या कप्प्यात अधूनमधून काही भेट ठेवायची, आणि आपण कोण हे त्या शुक्रवारपर्यंत कळू द्यायचं नाही.

त्या शुक्रवारी दुपारी चॅपल भरलं होतं. रेव्हरंड कियेम्बा कप्प्यांचे आकडे क्रमानं पुकारत होते. आकडा पुकारला की त्या कप्प्याचा गुप्त मित्र उभा राहायचा. मग आरडाओरडा, मिठ्या, "तू होतास होय?" असं चाललं होतं. तिसापर्यंतचे आकडे झाले. एकतिसावा पुकारायच्या आत रेव्हरंडांचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला आणि माईक तसाच समोर असताना म्हणाले, "कधी?"

रोझेट काबाहेंडा. पहिलं वर्ष, कप्पा क्रमांक एकतीस. सकाळी तिला जिल्हा रुग्णालयात नेलं होतं. अपेंडिक्स आदल्या रात्रीच फुटलं होतं. दुपारी दोनला ती गेली.

कार्यक्रम तिथंच थांबला.

सुट्टी संपून वर्ग भरले त्या आठवड्यात रोझेटचे वडील टेकडीखालच्या गावात पर्पेतुआ नस्सालींच्या ऑफिसात आले. नस्साली बावीस वर्षं पोलिसात होत्या. आता खाजगी तपास करायच्या. त्यांच्याबरोबर ओवोर असायचा. तो पूर्वी टपाल खात्याची गाडी चालवायचा, आता त्यांची चालवतो. त्याला प्रत्येक प्रकरणात पहिल्याच दिवशी गुन्हेगार सापडायचा.

"बसा, भाऊ. चहा घेणार?" नस्साली म्हणाल्या.

"नको. चहाच्या कारखान्यात पानं तोलतो मी. दिवसभर चहाच बघतो." एरिसा कागोरो उंच, वाकलेले गृहस्थ होते. फोर्ट पोर्टलकडून रात्रभराचा प्रवास करून आले होते. त्यांनी एक वही आणि एक पुठ्ठ्याचा खोका टेबलावर ठेवला. "पोलीस म्हणाले, मुलगी आजारानं गेली, यात गुन्हा कुठाय? खरंय त्यांचं. पण हे वाचा."

मुलीच्या वहीचं शेवटचं पान होतं. 'बुधवार. नर्स म्हणते दवाखान्यात जा. मित्राला विचारलं.' त्याखाली, 'गुरुवार. उत्तर आलं. थांबायचं.'

"पोरीला कुणीतरी थांब म्हणालं," कागोरो म्हणाले. "कोण, तेवढं मला शोधून द्या."

"आणि सापडल्यावर?"

"हात नाही लावणार. समोर बसवीन आणि विचारीन, का सांगितलंस." त्यांनी वही पुढे सरकवली. "तिची आई नोव्हेंबरात गेली. महिनाभर मी दवाखान्यातल्या बाकावर झोपत होतो. घरात दोघंच उरलो होतो. मी आणि माझी अकीकी. लाडाचं नाव तिचं."

ओवोर खिडकीतून बाहेर बघू लागला.

नस्सालींनी खोका उघडला. गुप्त मित्राकडून आलेलं सगळं मुलीनं जपून ठेवलं होतं. निळ्या साबणाचा एक तुकडा होता, न वापरलेला. ताडाच्या पानांची विणलेली छोटी बुट्टी होती. खाण्याच्या वस्तू खाऊन झाल्या होत्या, पण ज्या कागदांत त्या गुंडाळून आल्या ते सहा कागद हातानं सपाट करून ठेवले होते. जुनं परीक्षेचं वेळापत्रक, वाचनालयाची सूचना, असलं काहीबाही. सर्वांत वरच्या कागदावर शेंगदाण्याच्या तेलाचे डाग होते.

"हा गुरुवारचा. तिच्या उशाशी होता," कागोरो म्हणाले.

तो कागद विद्यार्थी साहाय्य केंद्राचा होता. वर मोठ्या अक्षरांत 'गोपनीय' लिहिलं होतं. खाली समुपदेशनासाठी वेळ घेतलेल्या विद्यार्थ्यांची नावं. नववं नाव रोझेट काबाहेंडा. त्यापुढे 'आली नाही', आणि नावावर लाल काट.

"झालं!" ओवोर म्हणाला. "केंद्रातलीच बाई."

नस्साली कागद उलटसुलट करून बघत होत्या. "भाऊ, चिठ्ठ्या कुठायत?"

"कसल्या?"

"उत्तर आलं, असं लिहिलंय तिनं. ते कशावर लिहिलेलं होतं?"

"मी गादीसुद्धा उसवून बघितली, बाई. त्या मित्राचं एक अक्षर नाही."

दुसऱ्या दिवशी आठच्या सुमाराला नस्साली आणि ओवोर टेकडीवर गेले. कागोरो रेव्हरंडांच्या पाहुण्यांच्या खोलीत उतरले होते. विद्यार्थी साहाय्य केंद्र म्हणजे एक लांबट कौलारू इमारत. पुढे व्हरांडा, व्हरांड्यात एक बाक, आणि बाकासमोरून अख्ख्या विद्यापीठाची जायची-यायची वाट. दार उघडंच होतं. आत फरशी ओली होती, खुर्च्या टेबलांवर उलट्या घातल्या होत्या. खिडकीत निळ्या साबणाची हातभर लांब वडी ठेवलेली होती, एका टोकाला कापलेली. भिंतीला लाकडी कप्प्यांची मांडणी होती, चौसष्ट कप्पे. प्रत्येकावर आकडा, आकड्याखाली नाव. बाराव्या कप्प्याखालचं नाव खरवडून काढलेलं होतं.

साफसफाईच्या नांतेझा मावशी बादली घेऊन आल्या. साठीच्या असतील. पाहुणे दिसताच बादली ठेवून त्यांनी तिकडच्या रीतीप्रमाणे गुडघे टेकले आणि लुगांडा भाषेत विचारपूस केली.

"समुपदेशक मिस अगुती भेटतील का, मावशी?" नस्सालींनी विचारलं.

"येतील की आत्ता. हिरव्या पडद्याची खोली त्यांची. आज एवढा उशीर का झाला कोण जाणे. बसा." मग थोडं घुटमळून म्हणाल्या, "तुम्ही त्या पोरीसाठी आलात ना? शुक्रवारचा कार्यक्रम राहिलाय अर्धा. तो कधी पुरा करणार, काही कानावर आलं का?"

"नाही, मावशी."

"पुरा करायला हवा," असं म्हणून त्या बादली घेऊन मागच्या बाजूला गेल्या.

ओवोर दारापाशी उभा होता. मावशी बोलत होत्या तेव्हा त्यांच्या खांद्यामागेच दारावर इंग्रजी कागद डकवलेला होता. "हे बघा. 'आज कर्मचाऱ्यांची प्रार्थना. केंद्र नऊला उघडेल.' आणि मावशी म्हणतात कोण जाणे! एक मूल मेलंय आणि हिला कार्यक्रमाची पडलीय."

नस्साली खिडकीतल्या साबणाकडे बघत राहिल्या.

मिस अगुती नऊला आल्या. पस्तिशीच्या, चष्मा लावलेल्या. डागाळलेला कागद समोर येताच त्या खुर्चीत बसल्या.

"ही माझी यादी आहे. सोमवारची. बुधवारी संध्याकाळी मी ती टोपलीत टाकली."

"फाडून नाही टाकत?"

"फाडायला हवी." त्यांनी चष्मा काढला. "रोझेटनं तीनदा वेळ घेतली, तीनदा आली नाही. तीनदा न आल्यावर नाव काढायचं, असा नियम आहे. बुधवारी मी काट मारली."

"ती का येत नव्हती?"

"बाहेर बाक बघितलात? त्यावर कोणी दहा मिनिटं बसलं की संध्याकाळच्या प्रार्थनेत त्याचं नाव येतं. 'आपल्या अमक्या बहिणीला बळ दे.' सगळे मनापासून करतात हो. पण मग ती बहीण परत बाकावर बसत नाही."

"बुधवारी केंद्र कधी बंद झालं?"

"पाचला. मीच कुलूप लावलं. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी रेव्हरंडांकडे. दोनच." अगुतींनी चष्मा पुन्हा लावला. "गुरुवारी साडेआठला मी आले तेव्हा रोझेट दारात उभी होती. कप्प्यात पुडी होती. ती घेऊन पोरगी हसली. पोटावर हात होता तिचा, पण हसली. मला वाटलं, बरी आहे. मी फोन घ्यायला आत गेले."

"पुडी तुम्ही ठेवलीत?" ओवोरनं एकदम विचारलं.

"मी ठेवली असती तर आज मला काहीतरी ठेवल्याचं समाधान असतं," अगुती म्हणाल्या.

रेव्हरंड कियेम्बा चॅपलच्या पायरीवर भेटले. जाडजूड, मोठ्या आवाजाचे. किल्लीचं विचारताच त्यांनी सगळे खिसे बाहेर काढले. "ही गाडीची, ही चॅपलची... ही कसली देव जाणे. हां, ही केंद्राची. पण बुधवार-गुरुवार मी कंपालात होतो, बिशपांच्या सभेला. दोनशे लोकांनी मला डुलक्या घेताना बघितलंय."

"रोझेटचा गुप्त मित्र कोण होता?"

"ते मलाही माहीत नसतं, बाई. मी फक्त आकडे पुकारतो. कोणी कोणाची चिठ्ठी उचलली ती यादी मंडळाच्या चिटणीसाकडे. हिल्डा बीराकडे. हुशार मुलगी, पण नियमाची पक्की."

हिल्डा तिसऱ्या वर्षाची. छातीशी फाईल धरून उभी राहिली. "यादी दाखवता येत नाही, मॅडम. देवापुढे शपथ घेतलीय आम्ही. शुक्रवारी सांगायचं ठरलेलं असतं."

"शुक्रवार होऊन गेला, बाळ."

"एकतिसावा पुकारला नव्हता ना."

"मग आता पुकारा," ओवोर म्हणाला.

हिल्डाचे डोळे भरून आले. "मंडळात ठरवावं लागेल."

"बरं," नस्साली म्हणाल्या. "बारावा कप्पा कोणाचा होता?"

"लेव्हिनियाचा. ती दुसऱ्याच आठवड्यात नर्सिंग शाळेत गेली. तिकडे जागा मिळाली तिला." हिल्डानं घड्याळ बघितलं. "मला तास आहे."

रोझेटची खोलीतली मैत्रीण स्कोविया उपाहारगृहात जेवत होती. नस्साली तिच्यासमोर बसल्या. ओवोरनं स्वतःसाठी पोशो, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि राजमा घेतला.

"माझा गुप्त मित्र म्हणजे थिओलॉजीचा एक दादा निघाला," स्कोविया म्हणाली. "प्रत्येक पुडीवर बायबलचं वचन. सत्रभरात अर्धं स्तोत्र उतरवून दिलं त्यानं. साबणाची वडी मात्र एक नाही. सगळ्यांना वचनं यायचीच. रोझेटलाच नाही. तिला खायला यायचं, शेंगदाणे, भाजलेलं केळं. मी चिडवायचे, तुझा मित्र मुका आहे गं."

"ती काय म्हणायची?"

"म्हणायची, मुका असला तरी ऐकतो. ती त्याला पत्रं लिहायची. आपल्याच कप्प्यात ठेवायचं, मित्र येऊन घेऊन जातो, अशी पद्धत आहे. तिचं पत्र दुसऱ्या दिवशी हमखास गेलेलं असायचं. माझी तर चार-चार दिवस पडून असायची." स्कोवियानं ताट बाजूला सारलं. "मला काही सांगायची नाही ती. मी फार बोलते ना. तिला वाटायचं माझ्या पोटात राहणार नाही. राहिलंही नसतं. मी थेट तिच्या बाबांना फोन केला असता."

ती ताट उचलून ठेवायला गेली.

बाहेर आल्यावर ओवोर म्हणाला, "अगुतीच. किल्ली तिची, कागद तिचा, टोपली तिची. रेव्हरंड कंपालात. आता काय राहिलं?"

"ओवोर, तुला कुणाला चोरून भेट द्यायची असती, तर ती तू त्याच्याच नावावर काट मारलेल्या कागदात बांधली असतीस?"

"नसती."

"अगुतीनं तरी बांधली असती का?"

ओवोरनं विचार केला. "घाईत..."

"घाईत माणूस बापाचं नाव विसरेल, पण डोळ्यांसमोरचं वाचायचं थांबत नाही. तू गाडीत बस. मी जरा साबण बघून येते."

त्या तासाभरानं परत आल्या. चेहरा उतरला होता. उतार संपल्यावर एवढंच म्हणाल्या, "उद्या दुपारी सगळ्यांना केंद्रात बोलव. कागोरो भाऊंनाही."

शनिवारी दुपारी केंद्रातल्या मोठ्या खोलीत सहा खुर्च्या मांडल्या. अगुती, रेव्हरंड, हिल्डा, स्कोविया, कागोरो आणि ओवोर. नस्साली कप्प्यांच्या मांडणीपाशी उभ्या राहिल्या. बोलणं इंग्रजीत होतं.

"आधी हिल्डा," त्या म्हणाल्या. "बाराव्या कप्प्याची लेव्हिनिया दुसऱ्या आठवड्यात गेली. तिनं जी चिठ्ठी उचलली होती, त्या नावाला मग गुप्त मित्र उरला नाही. ते नाव कोणाचं?"

हिल्डानं फाईल उघडली नाही. "रोझेटचं."

कागोरोंनी मान वर केली.

"मी नव्यानं जोडी लावायला हवी होती," हिल्डा म्हणाली. "लेव्हिनियाचं नाव ज्यानं उचललं होतं तोही मोकळाच होता, त्याला नुसतं सांगायचं होतं. उद्या सांगू, परवा सांगू म्हणून राहिलं. मग मी बघितलं तर एकतिसाव्या कप्प्यात भेटी येतच होत्या. मला वाटलं, कोणीतरी आपणहून घेतलंय. देवानंच केलं म्हणाले मी. आभारही मानले."

"कोणीतरी आपणहून घेतलं होतं, हे खरं," नस्साली म्हणाल्या. "कोणी, ते भेटींनीच सांगितलं. एक म्हणजे, इथं सगळे वचन लिहितात. हा मित्र सत्रभरात एक अक्षर लिहीत नाही. दुसरं, तो पुडी बांधतो ती 'गोपनीय' लिहिलेल्या कागदात. ज्या मुलीसाठी बांधतोय तिचंच नाव त्यात खोडलेलं आहे. वाचता येणाऱ्या माणसाच्या हातून हे होत नाही. मिस अगुती, म्हणून तुम्ही नाही. इथं शिकणारं कोणीच नाही."

ओवोर खुर्चीत पुढे सरकला.

"तिसरं, कुलूप. बुधवारी पाचला बंद, गुरुवारी साडेआठच्या आत पुडी कप्प्यात. किल्ल्या दोनच, असं आम्हाला सांगितलं. पण आम्ही आठला आलो तेव्हा दार उघडं होतं आणि फरशी पुसून होत होती. म्हणजे किल्ल्या तीन. तिसरी कोणी मोजलीच नाही, कारण तिच्याकडे ती कायमचीच असते. मुलीला आलेला साबणही दुकानातला नव्हता. सफाईवाल्यांना महिन्याला लांब वडी मिळते, तिचा तो कापलेला तुकडा. माझ्याकडे आहे तो. काल खिडकीतल्या वडीला लावून बघितला. रंग तोच, रुंदी तीच, शिक्का तोच."

"नांतेझा मावशी?" अगुती उठून उभ्या राहिल्या. "त्या कशाला—"

"दारावर कागद असताना त्यांना तुमच्या उशिराचं कारण माहीत नव्हतं. तुमची खोली त्या पडद्यानं ओळखतात. आकडे मात्र ओळखतात. रोज पुसतात ना. दुसऱ्या आठवड्यापासून त्यांना दिसत होतं की एकतिसाव्यात काही येत नाही, आणि ती पोरगी रोज सकाळी येऊन हात घालून बघते. इतर पोरी पुड्या सोडताना हसत असतात. त्यांना ते बघवलं नाही."



"पण पत्रं?" स्कोवियानं विचारलं. "पत्रं तर जायची."

"त्यांनी काढून ठेवली. उघड्या कप्प्यात पडलेलं पत्र कोणी वाचून पोरीची चेष्टा करेल म्हणून. खरा मित्र शेवटच्या शुक्रवारी पुढे येईल, तेव्हा त्याला द्यायची असं ठरवलं होतं. दुसऱ्याचं पत्र तिऱ्हाइताला दाखवायचं नसतं, हा तुमचाच नियम त्या पंधरा वर्षं बघतायत. म्हणून तर त्या विचारत होत्या, कार्यक्रम कधी पुरा होणार. काल मी मागितली तर मला दिली नाहीत. म्हणाल्या, आता मुलीच्या बापालाच देईन."

"पण मग थांब कोण म्हणालं?" कागोरोंचा आवाज अगदी बारीक होता. "बाई, उत्तर कोणी दिलं?"

"उत्तरात शब्द नव्हते, भाऊ. म्हणजे प्रश्नच असा असणार, की ज्याचं उत्तर वस्तूनं देता येईल. माझा अंदाज चुकला तर मला बरं वाटेल." त्यांनी दाराकडे जाऊन लुगांडात हाक मारली.

नांतेझा मावशी आल्या. त्यांच्या हातात मार्गारीनचा डबा होता, झाकण कापडानं बांधलेलं. कागोरोंसमोर त्यांनी गुडघे टेकले आणि डबा दोन्ही हातांनी पुढे केला.

"तुमच्या लेकीचं आहे, बाबा. एकही उघडलेलं नाही. तो मित्र काही आला नाही. आळशी निघाला मेला." मग सगळ्यांकडे बघून म्हणाल्या, "चहा ठेवते," आणि मागे गेल्या.

डब्यात नऊ पत्रं होती. कागोरोंनी सर्वांत वरचं उघडलं. दोनदा मनात वाचलं. मग ते नस्सालींकडे दिलं, आणि हातानं सांगितलं, मोठ्यानं वाचा.

"'प्रिय मित्रा, नर्स म्हणते उद्याच्या उद्या मोठ्या दवाखान्यात जा. गेले तर ते बाबांना कळवतील. बाबांनी आत्ता कुठे रात्रीचं झोपायला सुरुवात केली आहे. त्यांना पुन्हा दवाखान्याच्या बाकावर बसवायचं माझ्या जिवावर येतं. कदाचित आपोआप थांबेल दुखायचं. मला एकटीला ठरवता येत नाही. तू कधी लिहीत नाहीस, म्हणून असं विचारते. मी थांबावं असं तुला वाटत असेल तर नेहमीसारखं काही ठेव. जावं असं वाटत असेल तर उद्या कप्पा रिकामा ठेव. तू सांगशील तसं करीन. तुझी रोझेट.'"

अगुतींनी तोंडावर हात घेतला. हिल्डा भिंतीकडे तोंड करून रडू लागली.

ओवोर हळूच म्हणाला, "आणि मावशींनी शेंगदाणे ठेवले."

"बुधवारी पोरगी पोट धरून चालताना दिसली होती त्यांना," नस्साली म्हणाल्या. "म्हणून थोडे जास्तच ठेवले. काल मला तसं सांगितलं."

मागच्या बाजूनं कपांचा आवाज आला. मावशी ताटलीत चहा घेऊन आल्या. प्रत्येकाला गुडघा टेकवून कप दिला. इंग्रजीतलं वाचन त्यांना कळलं नव्हतं; सगळे का रडतायत हे मात्र वेगळं सांगायची गरज नव्हती, मूल गेलेलं होतं. शेवटचा कप कागोरोंचा. तो देऊन त्या उठल्या नाहीत.

"बाबा, एक विचारू? रागावू नका. मोकळा कप्पा बघून पोरीचं तोंड पडायचं, म्हणून मीच ठेवत होते. दुसऱ्याच्या जागी हात घातला, चुकलं असेल माझं. पण तिला शेंगदाणे आवडायचे का हो? कळलंच नाही मला शेवटपर्यंत."

कागोरो मावशींकडे बघत राहिले. हेच तोंड बघायला ते रात्रभर प्रवास करून आले होते. समोर बसवून विचारायचा प्रश्न ठरलेला होता.

"आवडायचे," कागोरो लुगांडात म्हणाले. "लहानपणापासून."

मावशींनी समाधानानं मान हलवली आणि रिकामी ताटली घेऊन गेल्या.

संध्याकाळी नस्साली आणि ओवोर कागोरोंना बसपर्यंत सोडायला गेले. डबा त्यांच्या मांडीवर होता.

"तुम्ही विचारणार होता," ओवोर म्हणाला. नस्सालींनी त्याच्याकडे रागानं बघितलं.

"कोणाला विचारू?" कागोरो म्हणाले. "नर्सनं एका मुलीवर सोडलं. केंद्रातल्या मास्तरणीनं काट मारली. त्या पोरीनं जोडी लावली नाही. आणि माझ्या लेकीनं मला फोन केला नाही, कारण मी झोपायला लागलो होतो. त्या बाईनं तेवढं खायला घातलं." मग ते म्हणाले, "तिला कळायला हवं का, बाई?"

"ती पुढच्या वर्षीही कोणाच्या तरी कप्प्यात काही ठेवेल," नस्साली म्हणाल्या. "म्हणून कळायला हवं."

"मग तुम्ही सांगा."

"मी काल तिच्याजवळ तासभर बसले होते, भाऊ. तेव्हा पत्र वाचलेलं नव्हतं, पण अंदाज होता. तरी नाही सांगता आलं."

बस आली. नस्साली आणि कागोरोंनी एकमेकांचा हात धरला आणि सोडला.

पुढच्या सत्रात अगुतींनी बाक व्हरांड्यातून हलवून मागच्या झाडांआड नेला. याद्या त्या आता फाडतात. हिल्डानं मंडळाचं काम सोडलं. जुलैमध्ये कागोरोंचा फोन आला. उरलेली आठ पत्रं त्यांनी अजून उघडलेली नाहीत, असं म्हणाले. बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मावशींना सांगितलंत का?"

"नाही," नस्साली म्हणाल्या. "तुम्ही?"

"नाही."

अगुतींनी नाही, रेव्हरंडांनी नाही. नांतेझा मावशींना अजून कोणी सांगितलेलं नाही.